बाबांचा काढा आणि सुटलेल्या गोळ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६६ वर्षांचे, २०१८ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांनी टेल्मिसार्टन (बीपीची) आणि रोसुवास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची) या दोन गोळ्या सोडल्या. ॲस्पिरिन आणि मेटोप्रोलॉल तेवढ्या चालू आहेत. तेव्हापासून रोज दोन वेळा काढा (तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, ज्येष्ठमध), सकाळी आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगर-मधाचं मिश्रण, दुधीचा रस आणि अर्जुनाची पूड. गेल्या हिवाळ्यात खोकला झाला तेव्हा ज्येष्ठमध वाढवला, तो वाढलेलाच राहिला. गेले काही महिने पोटऱ्यांत गोळे येतात, घोट्यांवर सूज दिसते. बीपी १६४/९६, पोटॅशियम ३.०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८. मुलगी विचारते, यातलं हृदयाला खरोखर काय उपयोगी आहे? आणि बाबांना समजावायचं कसं? कारण ते म्हणतात, "कोरोनात मला काही झालं नाही, ते यानंच."

आधी पोटॅशियम. बाकीचं मागाहून बोलू.

पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं की आम्ही डॉक्टर कान टवकारतो. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसात ३.० म्हणजे हृदयाचे ठोके बिघडायला वाव आहे, म्हणून याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या, ईसीजी काढा, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) पुन्हा तपासा. चक्कर आली, छातीत धडधडलं किंवा हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटली तर आठवड्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

बीपी वर, पोटॅशियम खाली, पायावर सूज. हे तिन्ही एकत्र दिसलं की मी रुग्णाला पहिलं विचारतो, लघवी होण्याची गोळी चालू आहे का? आणि दुसरं, काढा घेता का? तुमच्या वडिलांच्या यादीत लघवीची गोळी नाही. ज्येष्ठमध आहे, तोही रोज दोनदा आणि वाढवलेला.

ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन नावाचं द्रव्य असतं. गोडवा त्याचाच. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक भरपूर फिरत असतं. मूत्रपिंडात ते मीठ धरून ठेवण्याचं बटण दाबू शकतं, पण तिथे एक विकर (एन्झाइम) त्याला वेळीच निकामी करतं. ग्लिसरायझिन नेमकं त्या विकराला अडवतं. मग मूत्रपिंड मीठ आणि पाणी साठवत राहतं आणि पोटॅशियम लघवीवाटे टाकत राहतं. बीपी चढतं, पाय सुजतात, स्नायूंत गोळे येतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधला ५४ वर्षांचा एक माणूस काही आठवडे रोज पिशवीभर ज्येष्ठमधाच्या चघळायच्या गोड गोळ्या खात होता. हृदय बंद पडून तो गेला. २०२० साली डॉक्टरांनी त्याची हकीकत प्रसिद्ध केली. घसा धरला म्हणून चार दिवस ज्येष्ठमधाची काडी चघळली तर धट्ट्याकट्ट्या माणसाला काही होत नाही. रोज, वर्षानुवर्षं आणि तेही हृदयरोग्यानं घेणं ही वेगळी गोष्ट.

मी अहवालावरून बोलतो आहे, माणूस पाहिलेला नाही. मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी जास्त संप्रेरक बनवत असेल तरी असंच चित्र दिसतं. पण शहानिशा सोपी आहे. ज्येष्ठमध आजपासून पूर्ण बंद करा आणि दोन-तीन आठवड्यांनी बीपी आणि पोटॅशियम पुन्हा पाहा. तोवर पोटॅशियमचं औषध लागेल का, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. शहाळी पाजून घरच्या घरी भरून काढू नका. मेटोप्रोलॉल मात्र या गडबडीत कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नका, तिला अचानक सोडलेलं हृदयाला आवडत नाही.

यातली गंमत अशी की वडील पोटऱ्यांतल्या दुखण्याचं खापर जुन्या कोलेस्टेरॉलच्या गोळीवर फोडत असतील. बहुतेक जण तसंच म्हणतात. ती गोळी सुटून वर्षं झाली, पाय आता दुखताहेत.

आता त्या दोन गोळ्या सुटल्या कशा ते पाहू. "बाबा हट्टी आहेत" एवढ्यावर हे सोडून देण्यासारखं नाही.

मार्च २०२० आठवा. विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरून, हे कळलं होतं. टेल्मिसार्टनच्या जातीच्या बीपीच्या काही गोळ्यांनी प्राण्यांमध्ये हे प्रथिन वाढतं, असं जुन्या प्रयोगांत दिसलं होतं. त्यावरून एका वैद्यकीय नियतकालिकात शंका मांडणारं पत्र आलं. शंका रास्त होती. पण ती मोबाईलवर पोचेपर्यंत "बीपीची गोळी कोरोनाला दार उघडून देते" अशी झाली. युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी काही दिवसांतच सांगितलं, गोळ्या बंद करू नका. पुढे ब्राझीलमध्ये कोविडनं दाखल झालेल्या ६५९ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांच्या या गोळ्या चालू ठेवल्या, निम्म्यांच्या थांबवल्या. घरी जिवंत परतण्याच्या दिवसांत फरक पडला नाही. पण भीती जितक्या वेगानं पसरते तितक्या वेगानं तिचा खुलासा पसरत नाही. ज्यांनी मार्चमध्ये गोळी सोडली, त्यांच्यापर्यंत पुढची बातमी पोचलीच नाही.

आणि खुलासा करणार कोण होतं? यात आमचाही दोष आहे. त्या वसंतात मीही बाह्यरुग्ण विभाग जवळपास बंद ठेवला होता. फोनवर "आहे तेच चालू ठेवा" म्हणायचो, आणि "आहे ते" काय आहे हे विचारायचं राहून जायचं. गोळ्या संपल्या तर मेडिकलच्या रांगेत उभं राहायची भीती. घरी मात्र तुळस कुंडीत होती, सुंठ डब्यात होती. ३१ मार्च २०२० ला आयुष मंत्रालयानं प्रतिकारशक्तीसाठी जो काढा सुचवला त्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका होत्या. ज्येष्ठमध त्यात नव्हता. तो शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी आणि काष्ठौषधीच्या दुकानदारानं घातला. प्रत्येक घराच्या काढ्यात अशी एकेक भर पडत गेली.

मला यात मूर्खपणा दिसत नाही. बाहेर न दिसणारा शत्रू, घरात हातावर हात ठेवून बसलेली माणसं, आणि रोज सकाळी आपल्या हातानं करता येईल अशी एकच गोष्ट, गॅसवर पातेलं ठेवणं. त्याचा वास घरभर पसरायचा, सगळे एका वेळी प्यायचे. गोळीत ते समाधान नाही. गोळी गिळली की आपण रुग्ण आहोत हे आठवतं, काढा प्यायला की आपण काहीतरी करतो आहोत असं वाटतं. मग लाट ओसरली, आपण वाचलो, आणि श्रेय काढ्याच्या नावावर जमा झालं. ज्यांनी काढा घेतला आणि तरी जे गेले, ते सांगायला येत नाहीत.

भीतीनं माणसं औषधापासून दूर गेली, तशी इस्पितळापासूनही गेली. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १८७ रुग्णालयांतले आकडे गोळा केले. २०१९ च्या मध्य मार्च ते मध्य जून या तीन महिन्यांत हृदयविकाराच्या झटक्यानं दाखल झालेले २५,४१८ आणि २०२० च्या त्याच काळात १६,४१४. पस्तीस टक्के घट. झटके काही पस्तीस टक्क्यांनी कमी झाले नव्हते. इटलीत मार्चच्या एका आठवड्यात ५४ रुग्णालयांत दाखल होणारे जवळपास निम्म्यावर आले, आणि जे आले त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण आदल्या वर्षीच्या तिप्पट होतं. माझ्याकडे तेव्हा एक ऊसवाले शेतकरी तिसऱ्या दिवशी आले. छातीत दुखायला लागलं तेव्हा घरच्यांनी ओवा दिला, मग काढा, मग सोडा. "दवाखान्यात गेलं की पॉझिटिव्ह काढतात," म्हणाले. जीव वाचला, पण हृदयाचा पुढचा भाग कायमचा दुबळा झाला. आज घरातल्या जिन्यावर त्यांना दोनदा थांबावं लागतं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. वडिलांचा मुद्दा बहुधा असा असणार की वनस्पती ती नैसर्गिक आणि गोळी ती केमिकल. या वाटणीवरच माझा विश्वास नाही.

हृदयाचं सगळ्यात जुनं खात्रीचं औषध एका फुलझाडातून आलं. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्यानं डिजिटॅलिसच्या पानांवर दहा वर्षं काम करून १७८५ साली त्याचं पुस्तक काढलं. त्यातली खरी कमाई मात्रेची होती. किती पानं दिली की सूज उतरते आणि किती दिली की रुग्ण ओकायला लागतो, नाडी मंदावते, हे त्यानं एकेका रुग्णाची नोंद ठेवून लिहिलं. आजची डिगॉक्सिन त्याच कुळातल्या झाडातून मिळते, आणि आजही फायदा आणि विषबाधा यांत तिचं अंतर थोडंच आहे. आपल्या गावच्या कुंपणाला असते ती पिवळी कण्हेर. तिच्या बीत याच जातीचं द्रव्य आहे. ते खाऊन आलेली माणसं मी रात्रपाळीत पाहिली आहेत. त्यांचं हृदय बंद पाडणारी गोष्टसुद्धा शंभर टक्के नैसर्गिकच होती.

किंवा आपल्या मुंबईची गोष्ट घ्या. सर्पगंधा आपल्याकडे शतकानुशतकं माहीत. कोलकात्यात सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर लिहिलं. पण जगानं दखल घेतली ती मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपल्या रुग्णांचे मोजलेले बीपीचे आकडे मांडले तेव्हा. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. नंतर कळलं की जास्त मात्रेत ते मन खिन्न करतं. मग अधिक सौम्य औषधं आली आणि सर्पगंधा मागे पडली. एखाद्या मुळीचा मान ठेवायचा तो असा. मोजून पाहायची, उपयोगी ठरली तर वापरायची, दोष दिसला तर तोही लिहून ठेवायचा.

आणि वडिलांनी सोडलेली ती कोलेस्टेरॉलची गोळी? त्या कुळाचा, म्हणजे स्टॅटिनचा, मूळपुरुष बुरशीत सापडला. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञानं सहा हजारांवर बुरश्या तपासल्या, आणि १९७३ मध्ये पेनिसिलियमच्या एका जातीत त्याला हवं ते द्रव्य मिळालं. ती बुरशी क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची होती. १९८७ साली बाजारात आलेली पहिली स्टॅटिनही बुरशीचीच. रोसुवास्टॅटिन कारखान्यात बनते हे खरं, पण घराणं तेच. परदेशी दुकानांत लाल यीस्टचा तांदूळ म्हणून कॅप्सूल मिळते, भाचा-पुतण्या तिकडे असेल तर एखादे वेळी घेऊनही येईल. त्यातलं काम करणारं द्रव्य म्हणजे तीच पहिली स्टॅटिन, फक्त किती ते ठाऊक नाही आणि सोबत आणखी काय उगवलंय तेही नाही. २०२४ मध्ये जपानमध्येच अशा एका उत्पादनानं लोकांची मूत्रपिंडं खराब झाली. म्हणून नको.

आता तुमच्या घरातल्या फळीकडे येऊ. आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगरचं मिश्रण "ब्लॉकेज उघडतं" म्हणून गेली कित्येक वर्षं मोबाईलवर फिरतंय. धमनीतली गाठ म्हणजे नळातला गाळ नव्हे. ती भिंतीच्या आत असते, वरून काही ओतून धुतली जात नाही. लसणाबद्दल मी पूर्वी बराच आशावादी होतो. २००७ साली स्टॅनफर्डमध्ये १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण किंवा लसणाच्या गोळ्या दिल्या, एलडीएल हललं नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये सुमारे १९० जणांना २८ दिवस वेगवेगळ्या गोष्टी दिल्या. कुणाला फक्त ५ मिलिग्रॅम रोसुवास्टॅटिन, कुणाला लसूण, कुणाला हळद, दालचिनी, माशाचं तेल, वनस्पती स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ. गोळीनं एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरलं. बाकी एकही गोष्ट नकली (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली नाही. फोडणीतला लसूण अवश्य खा. पण ॲस्पिरिन चालू असताना रोज उपाशीपोटी कच्चा लसूण आणि व्हिनेगर म्हणजे जठराच्या अस्तराला दोन्हीकडून मार. लसणानं रक्ताच्या बिंबिकांचं (प्लेटलेटचं) चिकटणंही थोडं कमी होतं, त्यामुळे दात काढायचा असेल किंवा शस्त्रक्रिया असेल तर हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

दुधीचा रस. भाजी खुशाल खा. रस करायचाच असेल तर आधी फोडीचा तुकडा जिभेवर ठेवून पाहा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या. कडू दुधीतल्या द्रव्यानं रक्ताच्या उलट्या होतात, बीपी एकदम कोसळतं. आपल्या देशात यानं मृत्यू झाले आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीनं हाच इशारा दिला आहे. "औषध कडूच असतं" म्हणून घोट घेत राहणारी माणसं यात फसतात.

अर्जुनाबद्दल मी जरा मऊ आहे. अर्जुनसादड्याच्या सालीचा क्षीरपाक (दुधात उकळलेला काढा) जुन्या ग्रंथांत आहे, आपल्याकडच्या डॉक्टरांनी काही अभ्यासही केलेत, आणि त्यांत छातीतलं दुखणं थोडं कमी झाल्याचं दिसतं. पण ते अभ्यास लहान आहेत. झटका किंवा मृत्यू टळतो का, याचं उत्तर द्यायला हजारो रुग्ण लागतात. वडिलांना घ्यायचाच असेल तर वैद्यांच्या सल्ल्यानं, गोळ्यांच्या जोडीनं घ्यावा. त्यांच्या जागी नाही. गुग्गुळाकडून अशाच अपेक्षा होत्या. अमेरिकेत १०३ जणांवर चाचणी झाली, २००३ साली निकाल आला, एलडीएल उलट वाढलेलं. तुमच्या यादीत गुळवेल नाही ते बरं आहे. कोरोनात रोज गुळवेल घेतलेल्यांपैकी काहींच्या यकृताला सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडलं होतं. आयुष मंत्रालयानं ते अमान्य केलं, वाद झाला. मी माझ्या रुग्णांना रोजची गुळवेल थांबवायलाच सांगतो.

मग स्वयंपाकघरातलं काहीच कामाचं नाही? आहे, फक्त त्याला कुणी चमत्कार म्हणत नाही. जवस. पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांना कॅनडात रोज ३० ग्रॅम दळलेले जवस दिले, तर सहा महिन्यांत वरचं बीपी सुमारे १० नं कमी राहिलं. ३० ग्रॅम म्हणजे भाकरीबरोबरच्या चमचाभर चटणीपेक्षा बरंच जास्त, आणि आपल्या चटणीत मीठ पडतं तो हिशेब वेगळा. म्हणून बिनमिठाची पूड ताकात किंवा भाकरीच्या पिठात घाला. इसबगोल बद्धकोष्ठासाठी घेतात, पण रोज दहा ग्रॅमच्या आसपास घेतला तर एलडीएलही थोडं उतरतं. पाणी मात्र भरपूर प्यायचं, आणि गोळ्यांच्या वेळेपासून दोन तास लांब. लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ कमी केलं तर तुमच्या वडिलांच्या बीपीला जो फरक पडेल, तो या फळीवरच्या कुठल्याही बाटलीनं पडणार नाही.

पण अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाचं एलडीएल ७० च्या खाली हवं, जमल्यास ५५ च्याही. १४८ वरून तिथे जवस नेत नाही.

आता समजावण्याबद्दल. "हे सगळं बंद करा आणि गोळ्या सुरू करा" असं म्हणालात तर दोन्ही गोष्टी होणार नाहीत. काढा त्यांच्याकडून काढून घेऊ नका. तुळस, सुंठ, मिरी राहू द्या, एक वेळचा कप करा, फक्त ज्येष्ठमध काढा. कारण सांगताना "काढा वाईट" म्हणू नका, "या मुळीत ताकद आहे, म्हणूनच ती बीपी वाढवते" असं म्हणा. ज्यांचा वनस्पतींवर विश्वास आहे त्यांना हे पटतं.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पोटॅशियम भरून येऊ द्या, पायांतले गोळे जाऊ द्या. ज्येष्ठमधाच्या नादानं चढलेलं बीपी किती उतरतं ते पाहून टेल्मिसार्टनची मात्रा डॉक्टर ठरवतील, आणि ती सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा पाहतील. स्टॅटिनही पाय बरे झाल्यावर सुरू करायला मी सांगेन. दोन-तीन आठवड्यांनी फारसं बिघडत नाही, आणि गोळे असतानाच सुरू केली तर उद्या दुखलेल्या प्रत्येक पोटरीचा दोष तिच्याच माथी येईल. लंडनमध्ये स्टॅटिनचा त्रास होतो म्हणून ती सोडलेल्या ६० जणांना आळीपाळीनं खरी गोळी, नकली गोळी आणि नुसती रिकामी बाटली दिली होती. जो त्रास खऱ्या गोळीनं व्हायचा, त्यातला ९० टक्के नकलीनंही झाला. त्रास खोटा नव्हता, फक्त तो देणारी गोळी नव्हती. हे वडिलांना सांगाल तर हळूच सांगा, नाहीतर "म्हणजे मी नाटक करतो?" असं होईल.

त्यांना एक वही द्या. रोज सकाळी पाच मिनिटं शांत बसून बीपी मोजायचं आणि स्वतःच्या हातानं लिहायचं. पहिल्या पानावर १६४/९६ लिहा, पोटॅशियम ३.०, आणि शेजारी ज्येष्ठमध बंद केल्याची तारीख. पुढच्या पानांवर त्यांचे त्यांनाच आकडे दिसतील.

डॉक्टरांकडे जाताना फळीवरचं सगळं एका पिशवीत भरून न्या, काष्ठौषधीच्या दुकानातल्या पुड्यांसकट. पुडीवर काही लिहिलेलं नसेल तर ज्या डब्यात ओतलीत तो डबाच घेऊन जा.